मामांचा क्यू चुकतो

सेटवर त्यांना सगळे मामा म्हणत. फार वर्षांपूर्वी एका मालिकेत ते नायिकेचे मामा झाले होते. ती मालिका लांबतच गेली आणि हे नाव कायमचं चिकटलं. पुढे त्यांनी इन्स्पेक्टर केले, वकील केले. वाईट बातमी सांगणारे डॉक्टर तर इतके केले, की एकदा खऱ्या दवाखान्यात त्यांना बघून एक बाई रडकुंडीला आल्या. रस्त्यात लोक ओळखायचे, पण अर्धवट. "तुम्ही ते... ते नाही का..." म्हणत समोरचा चुटक्या वाजवत राहायचा आणि मामा हसून म्हणायचे, "हो, तोच मी."

नायक-नायिका आले आणि गेले. मामा मात्र टिकून होते, कारण ते चुकत नसत. संवादांची पानं सकाळी हातात पडली, तरी मेकअप होईपर्यंत तोंडपाठ. "मामांचा सीन आधी घ्या, पटकन उरकेल," असं दिग्दर्शक म्हणत. ते ऐकलं की मामांना बक्षीस मिळाल्यासारखं वाटे.

म्हणूनच पहिल्यांदा क्यू, म्हणजे आपलं वाक्य सुरू करायची खूण, चुकला तेव्हा सगळे हसले. त्यात मामाही होते.

सीन साधा होता. मालिकेत नवरा-बायको भांडतात तेव्हा एकमेकांकडे बघत नाहीत. दोघंही कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, एक पुढे आणि एक मागे. मामा पुढे होते. मागे त्यांची पडद्यावरची बायको होती. तिला सेटवर बाई म्हणत. या दोघांनी आजवर तीन मालिकांमध्ये संसार केला होता. बाईंचं बोलणं संपलं की मामांनी "पुरे झालं आता" म्हणायचं होतं. मामा गप्पच राहिले. चेहऱ्यावर राग धरून, अगदी छान गप्प राहिले. शेवटी दिग्दर्शकाने कट म्हटलं.

"मामा, तुमचं वाक्य होतं."

"हो की. सॉरी, सॉरी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर एका सीनमध्ये त्यांनी बाईंचं बोलणं मध्येच तोडलं, आणि एका सीनमध्ये भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं. आता कुणी हसत नव्हतं. दिग्दर्शक वयाने त्यांच्या मुलीएवढा, वागायला चांगला. तो जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायचा. "आरामात घ्या, मामा. घाई नाही." एरवी हाच माणूस उशीर झाला की सेट डोक्यावर घ्यायचा. त्याचं ते गोड बोलणं ऐकलं की मामा संवादांची पानं पुन्हा पुन्हा चाळायचे.

त्यांना वाटत होतं ते एकच. आईचं झालं तेच आपलं होतंय.

आईची आठवण शेवटी शेवटी पुसत गेली होती. आधी भांड्यांची नावं गेली, मग शेजारी, मग नातवंडं. एकदा ती टीव्हीसमोर बसली होती आणि मामा तिच्या शेजारी. पडद्यावर ते वकिलाच्या कोटात दिसले, तशी ती त्यांच्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "तो माझा मुलगा बरं का." मग त्यांना नीट न्याहाळत तिने विचारलं, "आपण कोण?"

ते "आपण कोण" मामांच्या डोक्यातून जाईना. अंघोळीला गेले की ते जुन्या नाटकांतले उतारे म्हणून बघत. सगळे आठवत, एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. जरा धीर यायचा. मग सेटवर जायचं आणि पुन्हा गाडी अडायची. घरी त्यांनी काही सांगितलं नाही. बायको हल्ली तशीही कमी बोलत होती. ती कशाने नाराज आहे हे विचारायला गेलो, तर आपलंच काही बाहेर पडेल, या भीतीने त्यांनी तेही विचारलं नाही.

मग त्यांचे संवाद आखडायला लागले. परिच्छेदाची जागा वाक्याने घेतली, वाक्याची जागा "हं"ने. एका सीनमध्ये सगळं घर मालमत्तेवरून भांडत होतं आणि लेखकाने मामांना सोफ्यावर झोपवलं होतं. मामा डोळे मिटून पडून राहिले. मालिकेत ज्या माणसाला झोपवतात त्याचं पुढे काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई त्यांच्या मेकअप रूममध्ये आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मामा, आरशाकडे तोंड करून बसा."

"कशाला?"

"बसा म्हणते ना."

ते बसले. बाईंनी टॉवेल उचलून आरशावर टाकला आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मामा वाट बघत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही.

"अहो, बोला काहीतरी," मामा शेवटी म्हणाले.

बाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी आत्ता तुम्हाला नालायक म्हणाले, कामचुकार म्हणाले, वर तुमच्या टकलावर बोलले. तुम्ही हूं की चूं केलं नाही. मामा, तुम्ही विसरत नाही आहात. तुम्हाला ऐकू येत नाहीये. मी समोर असले की ओठ बघून तुम्ही कधीच चुकत नाही. चुकता ते मी मागे असते तेव्हा."

मामा आधी हसले. मग त्यांना हसू आवरेना, आणि मग डोळे पुसायला आरशावरचाच टॉवेल ओढावा लागला. आईचं दुखणं नाही, कानच फक्त. पण टॉवेल खाली घेतला तेव्हा दुसरी धास्ती तिथेच उभी होती. न ऐकणारा नट कुणाला हवा असतो?

"कुणाला बोलू नका," ते म्हणाले.

"मी नाही बोलणार. पण तुम्ही बोला, आणि लवकर बोला."

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती पंख्याची पाती पुसत स्टुलावर उभी होती. तशीच खाली उतरून बसली.

"म्हणजे मी स्वयंपाकघरातून हाका मारायचे, त्या..."

"नसतील आल्या ऐकू."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं. म्हणून मी हाका मारायचंच सोडून दिलं." वर्षभराचा राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. पदराने कपाळ पुसत ती म्हणाली, "उद्याच जाऊ कानाच्या डॉक्टरांकडे."

तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मामांना ही ऑडिशनच वाटली. नापास व्हायचं नाही म्हणून ते तपासणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने बटण दाबत राहिले. थोड्या वेळाने तिने दार उघडलं. "काका, मी आवाज बंद केलाय. तुम्ही कशावर दाबताय?" मामा ओशाळले. दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या अंधारात बराच वेळ काहीच येईना, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की आपलं किती गेलंय.

कानाला मशीन लागलं. मामांनी टकलाच्या कडेचे केस त्यावर ओढून घेतले आणि दिग्दर्शकाला सांगायचं आज-उद्यावर ढकललं. क्यू आता चुकत नव्हते. चार-पाच दिवस बरे गेले. पण मशीन निवडून ऐकवत नाही. एसीची घरघर, बांगड्यांची किणकिण, चहावाल्याचं पुटपुटणं, सगळं एकदम कानात घुसायचं. त्यातच एका दुपारी पडद्यामागून दोन सहायकांची कुजबुज आली.

"मामांचा हार्ट अटॅकचा सीन कधी घेतोय?"

"पुढच्या आठवड्यात. त्यांना अजून सांगितलं नाहीये, हळू बोल."

मामा तसेच दिग्दर्शकाकडे गेले. केस मागे सारून त्यांनी कान दाखवला आणि सगळं सांगितलं. दिग्दर्शक वाकून ते मशीन बघायला लागला.

"मामा, हे आधी सांगायचं ना. मी तुम्हाला समोरासमोर उभं केलं असतं. आम्हाला वाटलं, तुम्हाला... म्हणजे..." त्याने डोक्याशी बोट नेलं आणि संकोचून खाली घेतलं. "आता चॅनेलने तुमचं मरण मंजूर केलंय. पुढची कथा त्यावरच आहे."

"मलाही तेच वाटत होतं," मामा म्हणाले. रागवायला त्यांना जागाच सापडली नाही.

मामा मेले. एका टेकमध्ये मेले. बाई त्यांच्या छातीवर पडून रडल्या आणि कट झाल्यावरही लगेच उठल्या नाहीत.

मग फोन वाजायचा थांबला. मामा मोबाईल घेऊन घरभर फिरत. रेंज आहे ना, आवाज मोठा आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघत. त्यांना ऐकू येत नाही, एवढंच बाहेर पसरलं होतं. मशीनचं कुणी सांगत नव्हतं. एका प्रोडक्शनमधून फोन आला तेव्हा समोरचा इतक्या जोरात ओरडून बोलला की मामांना फोन लांब धरावा लागला. ते काम झालं नाही.

दोन-तीन महिन्यांनी एका सिनेमासाठी विचारणा झाली. निवृत्त तलाठ्याचं काम, चार सीन. फोन करणारी सिनेमाकडची तरुणी काही म्हणायच्या आत मामांनी सांगून टाकलं, "माझ्या कानाला मशीन आहे. आधीच सांगतो."

मामांनी डोळे मिटले.

"दिसतं का ते?" तिने विचारलं.

"केस कापले तर दिसतं."

"मग केस कापून या. तलाठी म्हातारा आहे, शोभेल."

सिनेमा लागला तेव्हा मामा, बायको आणि मुलगी दुपारच्या खेळाला गेले. मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. पहिला सीन आला, दुसरा आला. तिसऱ्यात ते मुलावर चिडतात, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी "च्च" केलं आणि ते मामांना स्पष्ट ऐकू आलं. चौथा, सगळ्यात मोठा, आलाच नाही. नावं वर सरकायला लागली तरी मामा पडद्याकडे बघत होते.

"कापला," ते म्हणाले.

"तीन आहेत ना," बायको म्हणाली.

बाहेर येऊन त्यांनी मोबाईल सुरू केला. अनोळखी नंबरावरून एक फोन येऊन गेल्याचा मेसेज होता. मुलगी म्हणाली, घरी जाऊन करा. पण मामा रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, घसा साफ केला आणि नंबर लावला.