चीनला सोऱ्या विकणारे इराप्पाण्णा

आम्ही कोल्हापूरच्या बिंदू चौकात चिनी मालाची होळी पेटवणार होतो. ढीग रचून झाला होता, फोटोवाला येऊन थांबला होता, आणि तेवढ्यात एका म्हाताऱ्याने ढिगातला टॉर्च उचलला. फुटपाथवर मांडी घातली, शर्टाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तो टॉर्च उघडायला लागला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, बहिष्कार समितीची सचिव. पत्रक माझं, घोषणा माझ्या, कर्णाही माझ्याच हातात. मी कर्ण्यातूनच ओरडले, "आजोबा, ठेवा ते! जाळायचा माल आहे तो!"

त्यांनी मान वर केली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळ्यांत जत्रेला आलेल्या माणसाचा आनंद. म्हणाले, "जाळ की पोरी, जाळ. मी कुठं नको म्हणालोय? पण आत काय हाय ते बघितल्याबिगर शिवी कशी द्यायची? शिवी बी मापाची पाहिजे की."

मग सुटे भाग रुमालावर मांडून त्यांनी जमलेल्या लोकांना चक्क व्याख्यान दिलं. "हे बघा, चार तुकडं. ईस वर्सामागं ह्येच टॉर्च उघडलं की अकरा निघायचं. अकराचं चार कराया डोस्कं लागतंय." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी निरागसपणे, "लीडर, तो कर्णा बी द्या जरा."

मी कर्णा पाठीमागे लपवला. लोक इतके हसले की पुढची घोषणा कुणी दिलीच नाही. होळी पेटली, पण गर्दी तिच्याभोवती नव्हती. फुटपाथवर त्या म्हाताऱ्याभोवती होती; नाव कळलं, इराप्पाण्णा. मी घरी गेले ती दातओठ खात.

दुसऱ्या दिवशी त्यांना जाब विचारायला मी उद्यमनगरात त्यांच्या कारखान्यावर धडकले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, चार लेथ, अकरा माणसं आणि जमिनीवर पितळेचा सोनेरी कीस. अण्णा मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे, घरात कन्नड, बाहेर कोल्हापुरी. तीस वर्षं ते एकच वस्तू करत आले होते: सोऱ्या. दिवाळीत चकली-शेव पाडायचा पितळेचा सोऱ्या. आज तुमच्या घरात आईचा जुना, जड, बुडाला चेपलेला सोऱ्या असेल, तर तो अण्णांचा असण्याची शक्यता बरीच आहे. उलटा करून बघा. नाव सापडणार नाही. नाव घालायची त्यांना लाज वाटायची.

भिंतीच्या फळीवर मात्र वेगळेच सोऱ्ये होते. हलके, चकचकीत, पोलादी. सगळे चीनचे, सगळे उघडलेले. लक्ष्मीपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत दुकानं त्यांनीच भरली होती. मला स्फुरणच चढलं. "बघा अण्णा! ह्यांनीच तुमचा धंदा खाल्ला. आणि तुम्ही त्यांचं कौतुक करताय? त्यांचं सरकार कारखान्यांना पाठीशी घालतं, माल मातीमोल भावानं आपल्या दारात ओततं. तिथल्या कामगाराला स्वतःची संघटनासुद्धा काढता येत नाही!"

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "ते लिही. मोठ्या अक्षरात लिही. पण दट्ट्या नळीत कसा गच्च बसलाय, ते बी लिही. अर्धं लिहिलंस तर अर्धंच कळतंय."

पॉलिशच्या चाकावर बसलेली हौसाक्का तिथूनच म्हणाली, "बाई, त्येंच्या नादाला लागू नगा. पाव्हण्याच्या घरात गेलं तरी घड्याळ उघडून बसत्यात." हौसाक्का ही कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. अण्णांना धाक दाखवू शकणारी जगातली एकमेव व्यक्ती.

मी जाब विचारायला गेले होते आणि तीन तासांनी चहा-चिवडा खाऊन परतले. पुढं आठवड्यातून दोनदा जायला लागले. कारण एकच: चीनबद्दल मी पत्रकं लिहीत होते आणि अण्णांना चीन ठाऊक होता. ते कधी तिथं गेले नव्हते, त्यांनी कधी पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांचं सगळं अर्थशास्त्र स्क्रूंमधून आलेलं. "आधी आलं खेळणं. वास मारायचं, हात लावला की मोडायचं. आपण हसलो. मग आला टॉर्च, मग छत्री, मग मिक्सर. हसणं कमी झालं. म्हंजे बघ, शेतातली माणसं कारखान्यात आली, खेळणं करता करता हात बसला. मिळालं त्यातनं बंदरं बांधली, रस्तं केलं, वीज आणली. आता तिथली पोरं टॉर्च कराया मागत न्हाईत. गाड्या करत्यात, बॅटऱ्या करत्यात, आमच्या लेथचं मशीन बी करत्यात. अन् आपण अजून खेळण्यावर चिडलोय!"

मी म्हणायची, "मग काय, टाळ्या वाजवू?"

"टाळ्या नको. वीक त्येंला कायतरी."

हे ते विनोदाने म्हणत नव्हते. सलग दोन दिवाळ्या मार खाल्ला होता. तिसरी अशीच गेली तर लेथ बंद, अकरा माणसं घरी, हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि अशा वेळी एका सकाळी अण्णांनी जाहीर केलं, "ठरलं. चीनला सोऱ्या विकायचा."

हौसाक्काने पॉलिशचं चाक थांबवलं. "यप्पा! डोस्क्यावर परिणाम झालाय. कुणीतरी सूनबाईला फोन करा."

"का? शेवया ते बी खात्यात, आपण बी खातोय. पिठाचं लांब दोरं कराया दोघांस्नी बी आवडतंय. मग?"

हौसाक्काने चाक पुन्हा सुरू केलं. पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण इंग्रजी मला येत होतं. बहिष्कार समितीची सचिव चीनला माल विकायची पत्रं लिहिते आहे! मी स्वतःला समजावलं की ही आघाडी उलट्या बाजूने उघडलेली आहे. फोटो काढले, पितळ उन्हात ठेवून व्हिडिओ केला, व्यापाऱ्यांच्या वेबसाइटवर टाकला. महिना गेला. उत्तर नाही. मग एक आलं. शांघायच्या बाजूच्या कुठल्याशा शहरातली लिन नावाची बाई, स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं दुकान चालवणारी. तिला बोलायचं होतं.

फोन लेथवर टेकवला. मधे भाषांतर करणारं ॲप. चीन लांब आहे म्हणून अण्णा मोठ्याने ओरडत होते. पहिलं वाक्य काय टाकावं? किंमत? माल? छे. "जेवला काय?"

मी कपाळावर हात मारला. पण पलीकडे लिन खो खो हसत सुटली. म्हणाली, आमच्या आजीच्या गावात भेटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतात.

"व्हय की!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मग झाली की सोयरीक! आजपासनं लीनाक्का." त्या बिचारीला कळायच्या आत तिचं बारसं झालंही.

मग लीनाक्काने सोऱ्या का हवा ते सांगितलं. तिच्या गिऱ्हाइकांच्या घरात कारखान्याच्या सगळ्या वस्तू आहेत. पगार वाढले, घरं मोठी झाली, आणि आता त्यांना हाताने केलेली, आजीच्या वेळची वाटेल अशी वस्तू हवी आहे. तशी वस्तू करणारे हात तिच्या शहरात आता महाग झालेत, नाहीतर दुसऱ्या कामाला लागलेत. अण्णा माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. "ऐकलंस लीडर? पोट भरलं की आज्जी आठवतीय. आता त्येंला आज्जी पुरवायची आपण!"

एक नमुना गेला, पसंत पडला. लीनाक्काने दोनच गोष्टी बदलून मागितल्या: चकतीची भोकं थोडी मोठी आणि वजन पाऊण किलोच्या आत. ऑर्डर पाचशेची. मी फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं. शेडमध्ये जो गोंगाट झाला तो पंचमीला रंग खेळताना होतो तसा. अण्णांनी होतं नव्हतं ते सगळं पितळ या पाचशेत ओतलं. गावातल्या दिवाळीचा माल करायचाच नाही असं ठरलं. वेळच नव्हता.

आता जी चूक झाली ती फक्त आमचीच माणसं करू शकतात. फळ्यावर वजन लिहिलेलं होतं. रोज दिसत होतं. पण पहिल्यांदा माल परदेशात चाललाय, कोल्हापूरचं नाव चाललंय, आणि पाव्हण्याला हलकं द्यायचं? लेथवरचा एकजण म्हणाला, नळी जरा जाड ठेवूया. हौसाक्का म्हणाली, ठेवाच, त्यांनी हातात घेतल्यावर म्हणलं पाहिजे, हां! आणि अण्णा, मापाच्या शिव्या देणारे अण्णा, हसून म्हणाले, "ठेवा की. पितळ आपलं, पाव्हणी आपली." मीसुद्धा त्या दिवशी तिथंच होते. मला अभिमान वाटला होता. लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणी समजायला नको.

पहिले वीस सोऱ्ये विमानाने पुढे गेले. पंधरा दिवसांनी लीनाक्काचा फोन आला. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, सोऱ्या एक किलोच्या वर भरतोय. मला हा नको. बाकीचे पाठवू नका.

शेडमध्ये चारही लेथ थांबले. चारशेऐंशी सोऱ्ये भिंतीशी रचलेले, दिवाळी तोंडावर, आणि चकतीची भोकं मोठी, गावात शेवेला चालेल असा एक नग नाही. हौसाक्का आधी सावरली, ती भांडायलाच. "जास्त दिलं तर बी खोट? न्हाई घेत तर न घेऊंदे!" मी तर कागदच ओढला. दीड पान झणझणीत उत्तर खरडलं: गुणवत्ता, श्रमाचा सन्मान, साम्राज्यवादी बाजारपेठ. सगळं आलं त्यात.

अण्णांनी कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "झ्याक लिहिलंयस. पण तिला इच्यारलं का, जड का नको?"

कुणीच विचारलं नव्हतं. अण्णांनी फोन लावला. या वेळी ओरडले नाहीत. "अक्का, तुझ्याकडं शेवया कशा पाडत्यात, दाखीव की."

लीनाक्काने फोन आत नेला. स्वयंपाकघरात तिची आई उभी होती. बारीक चणीची, मनगट काडीसारखं. समोर उंच पातेल्यात पाणी उकळत होतं. म्हातारीने आमचा सोऱ्या दोन्ही हातांनी उचलून वाफेवर धरला आणि दट्ट्या फिरवायला एक हात सोडला. सोऱ्या झुकला. तिने पुन्हा दोन्ही हातांनी धरला. पुन्हा प्रयत्न केला. मग हसून खाली ठेवला आणि मनगट चोळत राहिली.

अण्णांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "चुकलो. ती सांगत हुती तिला काय पाहिजे. आपण तिलाच सांगत बसलो, तुला काय पाहिजे. ती माणसं गिऱ्हाईकाचं ऐकून करत्यात, म्हणून तिथवर गेल्यात. वीस वर्सं स्क्रू मोजलं मी, अन् येवढं माझ्या डोस्क्यात शिरलं न्हाई." आणि लगेच उठले. "काढा. समदं काढा. चारशेऐंशी. पुन्हा लेथवर."

लीनाक्काने नऊ दिवस दिले. ते नऊ दिवस म्हणजे नाद खुळा होता. चारही लेथ दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत ओरडत होते, पितळेच्या कुरळ्या पट्ट्या केसांत, चहात, डब्यातल्या भाकरीवर. अण्णा मधेच कन्नडमध्ये गात होते, सूर नव्हता पण जोर होता. मी तराजूवर बसले. पाऊण किलोच्या वर काटा गेला की "परत!" असं ओरडायचं, एवढंच माझं काम. आयुष्यात इतक्या आवडीने मी कुठलीही घोषणा दिली नव्हती. समितीचा फोन आला, मोर्चाला ये. मी म्हटलं, "जमणार नाही, चीनच्या कामात आहे." मग माझं सचिवपद गेलं. गेलं तर गेलं.

नवव्या दिवशी टेम्पो भरला. हौसाक्काने हलगीवाले आणले. उद्यमनगरातल्या गल्लीत खोक्यांवर गुलाल उधळला, लेथवरची पोक्त माणसं नाचली, आणि अण्णा टेम्पोपुढे हात वर करून असे चालले होते, जणू वरातच काढलीय. चीनमध्ये खोकी उघडली तेव्हा गुलाबी होती. लीनाक्काने विचारलं, हा कसला रंग? अण्णा म्हणाले, "आनंदाचा हाय. धुतला की जातोय." चारशेऐंशीच्या चारशेऐंशी विकले गेले. मग आठशेची ऑर्डर आली. लेथ चार होते, पाच झाले. पाचवा लेथ चिनी. तो आल्या दिवशी अण्णांनी उघडला, हे सांगायला नकोच.

या फेब्रुवारीत अण्णा गेले. सकाळी कामावर आले, एक नळी लेथवर चढवली, घाम आला म्हणून खुर्चीत टेकले, ते उठले नाहीत. लिंगायत रीतीने मीठ-भस्म घालून, बसलेल्या स्थितीत त्यांना माती दिली. लीनाक्काला मी फोनवर सांगितलं. ॲपला भाषांतर करायला काही मिळालं नाही.

चौथ्या दिवशी शेड उघडली. त्यांच्या लेथवर ती नळी तशीच होती, अर्धी कातलेली. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. एकजण म्हणाला, ही अशीच काढून फोटोपाशी ठेवूया, अण्णांच्या हातची शेवटची. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. मीही होकाराची मान हलवली.

हौसाक्काने नळी सोडवली, पदराने पुसली आणि तराजूवर ठेवली. काट्याकडे बघत म्हणाली, "जड हाय. फोटोपाशी काय करायची? ही त्या म्हातारीच्या हातात जायचीय." आणि नळी परत लेथवर चढवून तिने बटण दाबलं.