यारीवरचा हात

गेणभाऊ वीस वर्षं यारी चालवत होते. यारी म्हणजे विहीर खोदताना खालचा दगड आणि माणसं वर ओढणारं लोखंडी यंत्र. उजव्या हातात ब्रेकचा दांडा धरायचा आणि तारेला लटकलेली बादली बेताबेताने वर घ्यायची. आळे गावच्या शिवारात खाली उतरणारी माणसं आधी विचारायची, "वर गेणभाऊ हायेत ना?"

गेल्या वर्षी उपकेंद्रात त्यांचं बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं. डॉक्टरांनी रोज एक गोळी लावून दिली. दीड महिन्याने बीपी एकशे तीसवर आलं आणि गेणभाऊंनी गोळ्या सोडल्या.

"गोळी घेताय म्हणून उतरलंय, भाऊ," गावातली आशा सेविका प्रतिभा म्हणाली. "बंद केली तर परत चढंल."

"मला काय व्हतच न्हाई. डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. मग कशाला?"

त्यानंतर ती दोनदा घरी आली, दोन्ही वेळा गेणभाऊ मागच्या दाराने निघून गेले. बायकोला, साळुबाईला, मात्र गोळी चालू आहे असंच सांगत राहिले. जेवणात खारातली मिरची आणि गालात तंबाखू, दोन्ही आधीसारखंच चालू होतं.

मार्चमध्ये प्रयागबाईंच्या शेतात विहिरीचं काम लागलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीला नवनाथ, साळुबाईचा धाकटा भाऊ, बादलीत उभा राहून वर येत होता. बादलीखाली अजून तीस फूट खोली होती. गेणभाऊंना आपला हात दांड्यावर दिसत होता, पण अचानक हाताला दांडा जाणवेना. बोटं आपोआप उलगडली. ब्रेक सुटला, बादली सरसर खाली गेली.

ते छातीने दांड्यावर पडले. बादली हिसका बसून थांबली.

"दाजी, काय झालं?" खालून आवाज आला.

त्यांना 'नवनाथ' म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं गुरगुरणं बाहेर पडलं. छातीखालचा दांडा कणाकणाने सरकत होता आणि त्यांना वाटत होतं, आता साळूला काय सांगायचं.

पाण्याची कळशी घेऊन आलेल्या प्रयागबाईंनी त्यांचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं. गेणभाऊंनी डाव्या हाताने दांड्याशेजारची लोखंडी खीळ दाखवली. बाईंनी ती भोकात ठोकली तेव्हा कुठे ब्रेक अडकला. नवनाथ कडेच्या दोराच्या शिडीने वर आला. त्याने दाजींना खांद्यावर घेतलं आणि पिकअपमध्ये घालून मंचरच्या दवाखान्यात नेलं.

पोचेपर्यंत बोटं हलायला लागली होती. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बीपी दोनशे दहा होतं.

"मेंदूकडं जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि परत सुरू झालं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी सुरू होईलच असं नाही. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर घरी थांबायचं नाही. गोळी कधीपासून बंद आहे?"

साळुबाई शेजारीच उभी होती. गेणभाऊंनी मान खाली घातली. "आठ महिने झालं."

साळुबाईने नवनाथकडे पाहिलं. त्याचे तळहात शिडीच्या दोराने सोलून निघाले होते. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदका न काढता रडत राहिली.

यारीवर आता नवनाथ असतो. काम सुरू होण्याआधी सगळ्यांचं बीपी मोजायचं, ही अट गेणभाऊंनी घातली. त्यात नवनाथचंच वाढलेलं निघालं. तो चौतीस वर्षांचा. हसून टाळायला लागला, तेव्हा गेणभाऊ त्याला हाताला धरून उपकेंद्रात घेऊन गेले.

त्यांनी तंबाखू सोडली, मीठ कमी केलं. सकाळी पाटाच्या कडेने तासभर चालतात, गोळी चुकवत नाहीत. बीपी ताब्यात आहे, पण भीती गेलेली नाही. रोज उठल्यावर ते अंथरुणातच दोन्ही हात वर करतात आणि स्वतःचं नाव मोठ्याने घेतात. चुलीपाशी साळुबाई हातातली भाकरी तशीच थांबवते. नाव नीट ऐकू आलं, की मग ती भाकरी तव्यावर टाकते.