दिवाळीत कूलर लावणारे काका

अख्ख्या नागपुरात आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. आणि चुकून सापडलाच तर काका त्याला घाबरून आपलं दार लावून घेतील. हे मी निंदा म्हणून सांगत नाही हं. काकांच्या भित्रेपणाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते फेडायचे म्हटलं तर कसे फेडावेत हे मला अजून कळलेलं नाही. शूर माणसं मी पुष्कळ पाहिलीत. शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये तर रोजच पाहते. त्यातलं एकही माझ्या अडचणीला धावून आलं नाही. धावून आले ते काका, ज्यांना पाल, लिफ्ट, इंजेक्शन, अनोळखी नंबरचा फोन आणि घरच्या कुकरची शिट्टी या सगळ्यांची सारखीच भीती वाटते. कुकरचं तर असं, की शिट्टी व्हायच्या बेतात आली की काकू स्वयंपाकघरातून ओरडून वर्दी देणार, "होते हो आता!" आणि बाहेर काका पेपर खाली ठेवून दोन्ही कानांत बोटं घालणार. शिट्टी झाली की काकू म्हणणार, "झाली, वाचा." इतक्या वर्षांच्या संसारात ही वर्दी एकदाही चुकली नाही, असं काकू अभिमानाने सांगतात.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. सगळे मोटरसायकलने जायचे, काका कंपनीच्या बसने, आणि बसमध्येही ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे, म्हणजे समोरचा रस्ता दिसायला नको. त्यांची ड्युटी भट्टीजवळच्या मोठ्या पंख्यापाशी. तिथला आवाज एवढा, की बाकीचे लोक तिथून बदली मागायचे. काका मात्र बदलीचं नाव काढलं की कासावीस व्हायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तेथे किती सुख होतं वं! साहेब रागावून राहिला तरी आपल्याले ऐकूच येत नाही. त्याचं फक्त तोंड हालते." निवृत्त झाल्यावर ते सुख संपलं. मग काकांनी त्याच्या जागी घरचा कूलर आणला. म्हणजे कूलर सगळ्यांकडेच आहे, नागपुरात कूलर नसेल तर मे महिन्यात माणूस वाळवणात जमा होईल. पण पाऊस पडला की लोक कूलर धुऊन, झाकून गच्चीवर टाकतात. काकांचा कूलर हॉलमध्ये लोखंडी स्टँडवर बारा महिने उभा. हिवाळ्यात पाणी न भरता, नुसता पंखा. जगात कुठे काही खुट्ट झालं की काका कूलर लावणार आणि त्याच्या घुमण्यात निवांत होणार. डिसेंबरात अंगावर दोन रजया, डोक्याला कानटोपी आणि समोर कूलर! काकू म्हणतात, "ह्यायले थंडी चालते वं, आवाज नाही चालत. मी आपली स्वेटर घालून भाकरी टाकते."

सीताबर्डीला मेट्रोने जायचं म्हणजे दिवसभराचा कार्यक्रम. सरकत्या जिन्यापाशी काका उभे राहतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला अदबीने म्हणतात, "तुम्ही व्हा समोर." असे शेकड्याने लोक समोर होतात. स्टेशनवरच्या लोकांना वाटतं, एवढा सभ्य गृहस्थ! तोवर काकू वरून पिशवी हलवत ओरडतात, "अहो, पायऱ्यांनी या नं!" मग काका पायऱ्यांनी जातात.

आता ढाण्याबद्दल सांगायला हवं. ढाण्या हा माझा बोका. आपण वाघांच्या मुलखातले, नाव तरी शोभेसं असावं म्हणून ठेवलं, आणि तोंडघशी पडले. बहिणीच्या पारशिवनीजवळच्या शेतातून मी त्याला संत्र्याच्या पेटीत घालून एसटीने आणला. वाटेत ड्रायव्हरने जो हॉर्न दिला तो ढाण्याच्या काळजात जाऊन बसला, तो आजतागायत निघालेला नाही. मिक्सर लावला की पलंगाखाली, पाहुणे आले की पलंगाखाली, मी शिंकले तरी पलंगाखाली. पण आई गेल्यानंतरच्या माझ्या घरात, शाळेतून आल्यावर दारात येऊन "आलीस का" असं तोंड करणारा तो एकटाच जीव होता. लोक म्हणायचे, "एका मांजरासाठी एवढं?" मी म्हणायचे, हो, एवढं. तुमचं काय जातं?

त्याच्या पहिल्याच दिवाळीत मी दारात रांगोळी काढत होते आणि खाली कुणीतरी बॉम्ब लावला. माझ्या पायांतून काहीतरी पांढरं-पिवळं सुसाट गेलं एवढंच कळलं. जिन्याखाली पाहिलं, पार्किंगमध्ये पाहिलं, गाड्यांच्या खाली लोळून नवी साडी काळी केली. "ये रे राजा, ये रे माझ्या सोन्या," करून घसा बसला. तेवढ्यात काकूंनी दार किलकिलं केलं. "काहून ओरडून राहिली वं? अंदर ये. हळू ये पण. दोघंही तेथेच हायेत."

आत कूलर फुल्ल घुमत होता. काका स्वेटर, मफलर आणि कानात कापूस अशा थाटात फरशीवर भिंतीला टेकून बसलेले, आणि त्यांच्या बाजूला, कूलरच्या स्टँडखाली, ढाण्या. दोघांचेही डोळे सारखेच वटारलेले. मी झेपावले तसा काकांनी हात वर केला. "ओढू नको त्याले. तो लपला आहे म्हणून बरा आहे. लपलेल्याले बाहेर काढलं का तो मरन भेवानं. बस. त्याच्याकडे पाहू नको, तिरकी बस. अन् बोलू नको." मी म्हटलं, "काका, अहो, मी त्याला धीर देते." तर म्हणाले, "ज्याले भेव लागते त्याले 'भिऊ नको' म्हणाचं नसते. मले जनमभर सारे तेच म्हणून राहिले. काही फरक पडला का?"

त्या दिवसापासून काका ढाण्याचे गुरू, वकील आणि दुभाषी झाले. मी पुस्तकी बाई, मोबाइलवर वाचून काहीबाही उपाय करायची. काका ते कान देऊन ऐकायचे आणि प्रत्येक उपाय आधी स्वतःवर करून पाहायचे. मांजराकडे सावकाश डोळे मिटून पाहावं असं मी सांगितलं, तर दोन दिवस काका काकूंकडे तसं पाहत होते. "मले बरं वाटलं," ते म्हणाले. "हिले राग आला." एकदा दवाखान्यात नेण्यासाठी मी माळ्यावरून ती संत्र्याची पेटी काढली आणि पेटी पाहताच ढाण्या गायब. मी चडफडत बसले. काका म्हणाले, "दवाखान्याच्याच दिवशी पेटी काढली तं तो काय पेटीची पूजा करन? मले मायनं लहानपणी जिलबीचं नाव सांगून सुई टोचाले नेलं होतं. अजून मी जिलबी खात नाही." तेव्हापासून पेटी माझ्या हॉलमध्ये कायमची उघडी. त्यात काकांचं जुनं बनियन अंथरलेलं, कारण ढाण्याला त्यांचा वास ओळखीचा. कधी मांजराच्या खाण्याचे दाणे टाकायचे, कधी काहीच नाही. महिन्याभरात साहेब त्यात दुपारची झोप काढायला लागले. शाळेतली पोरं मी इतक्या गोडीने कधी वळणावर आणली नाहीत, खरं सांगते.

पण खरी परीक्षा झाली ती मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे गावाची रोगराई हाकलायला मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. ढोल, ताशे, डीजे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" अशी आरोळी, आणि मुंगीला शिरायला जागा नाही एवढी माणसं. मिरवणूक आमच्याच चौकातून जाते. लहानपणी काका त्या गर्दीत हरवले होते. तेव्हापासून मारबतीच्या दिवशी त्यांनी उंबरठा ओलांडलेला नाही. सकाळपासून खिडक्या बंद, कानात कापूस, कूलर फुल्ल.

नेमका त्याच दिवशी ढाण्याला लघवी होईना. त्याच्या घमेल्यातल्या मातीत जाऊन बसायचा, कुंथायचा, ओरडायचा. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बोका आहे नं? मग वाट पाहू नका. आत्ताच आणा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर हाती लागायचा नाही. आणि जास्त घाबरू देऊ नका, तो आधीच अर्धा झालाय." दवाखाना चौकाच्या पलीकडे. रिक्षा नाही, स्कूटर निघायची सोय नाही. पेटी घेऊन मी एकटी खाली उतरले, तर पहिल्याच ढोलाला ढाण्या तोंड उघडून कुत्र्यासारखा धापा टाकायला लागला. मी परत वर पळाले. काकूंच्या दारात उभी राहिले आणि रडायलाच लागले. काकूंचे गुडघे असे, की त्या स्वतःच जिना बसत बसत उतरतात. त्या तरी काय करणार? "माय वं, आता कसं वं?" एवढंच त्या म्हणत होत्या.

आणि आतला कूलर बंद झाला. मारबतीच्या दिवशी! काका दारात आले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "चाल," म्हणाले. काकू नंतर मला सांगत होत्या, "मले वाटलं ह्यायले तापच चढला."

काकांनी अंगातलं बनियन काढून ढाण्यावर पांघरलं, वर स्वतःचा टॉवेल टाकून पेटी झाकली, उघड्या अंगावर शर्ट चढवला आणि पेटी छातीशी धरली. मला म्हणाले, "मी डोळे बंद ठेवतो. तू मले धरून ने." चौकात आलो. ढोल छातीत वाजत होता. मी काकांच्या दंडाला धरून त्यांना पुढे नेत होते. आणि मग काकांनी पेटीवर मान वाकवली आणि तोंडाने आवाज काढायला सुरुवात केली, "घूंऽऽऽऽ... घूंऽऽऽऽ..." कूलर! हुबेहूब आमच्या काकांचा कूलर, मधला तो पात्याचा खडखडाट धरून! पेटीतलं ओरडणं हळूहळू कमी झालं.

पण गर्दी पुढे सरकू देईना. मी "सोडा, सोडा" म्हणत होते, पण माझं ऐकतं कोण? मग पुढच्या एका मिशीवाल्याने वळून पाहिलं. डोळे मिटलेला, घामाने निथळणारा, थरथर कापत घुमणारा म्हातारा, छातीशी झाकलेली पेटी, आणि हाताला धरून नेणारी, केस विस्कटलेली, रडवेली बाई. तो दचकून मागे झाला आणि ओरडला, "अबे हटा! बाबाच्या अंगात आलं! रस्ता द्या बे!" अहो, गर्दी दुभंगली की! ताशावाल्याने काड्या थांबवल्या. एका बाईने काकांच्या पाया पडून पेटीवर हळद-कुंकू वाहिलं. मी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. काकांना तर यातलं काहीच माहीत नव्हतं, ते डोळे मिटून घुमत होते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असं पोरं ओरडली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी ते मनापासून म्हटलं.

दवाखान्यात काकांनी आधी, ढाण्याला लपल्यासारखं वाटावं म्हणून, ट्यूबलाइट बंद करवली. डॉक्टर तरुण, पण भला. त्याने टेबलावरच्या दिव्यावर काम केलं. ढाण्याचं तोंड काकांच्या बनियनमध्ये, काका शेजारी घुमताहेत, कंपाउंडर हसू दाबतोय. डॉक्टरांनी सुई भरली. इंजेक्शन ढाण्याला दिलं आणि आडवे काका झाले! मग मी एका हाताने मांजर धरलं आणि दुसऱ्या हाताने काकांच्या तोंडावर पाणी मारलं. नळी घातली, लघवी मोकळी झाली. "वाचला," डॉक्टर म्हणाले. "घाबरून गेला असता तर रस्त्यातच गेला असता." फरशीवरून काकांनी विचारलं, "कोण, मी?"

दोन-चार दिवसांनी ढाण्या घरी आला, तेव्हा मी काकांचे आभार मानायला गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते, आणि तोंड उघडल्यावर नुसतं रडू आलं. काकांना रडणाऱ्या बाईचीही भीती वाटते, त्यामुळे त्यांनी आधी कूलर लावला. मग म्हणाले, "मी काही शूर नाही झालो वं. तुह्या ढाण्याच्या भेवाकडे ध्यान दिलं तं माह्याकडे द्याले टाइमच भेटला नाही. दोघं भितरे एका जागी असले का भेव अर्धं अर्धं वाटून जाते." एवढं बोलून ते माझ्याकडे बघून सावकाश डोळे मिटायला लागले. मीही मिटले. काकू म्हणाल्या, "झाले सुरू!"

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि लेक दोघांनाही बंगळुरूला घेऊन गेली. कूलर काही नेता आला नाही. "तिकडे लागतच नाही म्हणते पोरगी. एसी आहे, आवाजच करत नाही," काका म्हणाले. एवढा रडवेला चेहरा मी त्यांचा मारबतीतसुद्धा पाहिला नव्हता. कूलर माझ्या हॉलमध्ये आला. समोरच्या दाराला कुलूप लागलं. ढाण्या कितीतरी दिवस त्या दाराशी जाऊन फटीला नाक लावायचा आणि परत यायचा. मी त्याला हाक मारत नव्हते. मला तरी कुठे चैन पडत होतं?

परवा लक्ष्मीपूजनाला खाली फटाक्यांची माळ लागली. मी कूलर लावला, ढाण्या स्टँडखाली गेला, मी शाल घेऊन तिरकी बसले. तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या. "काय सांगू वं, येथे तं आपल्याहून जास्त फोडून राहिले. हे सोफ्याच्या मागं जाऊन बसले, जेवाले येत नाहीत. घे, बोल." मग काकांचा आवाज आला, अगदी बारीक. "ढाण्या कसा आहे?"

"कूलरखाली आहे, काका."

"हो. आवाज येऊन राहिला." तिकडे मागे बॉम्ब फुटतच होते. "काका?" मी म्हटलं. "काका, तुम्ही घाबरू..." आणि जीभ चावली.

"बोलू नको वं," काका म्हणाले. "फोन तेथेच ठेव."

मी फोन स्टँडखाली ढाण्याच्या बाजूला ठेवला. त्याने तो हुंगला आणि त्याच्यावर हनुवटी टेकून पसरला. मी दोघांकडेही न पाहता बसून राहिले. खालचे फटाके संपले, लोक फराळाला घरात गेले. तिकडून फोन काही ठेवला गेला नाही, आणि मीही कूलर बंद केला नाही.