मायच्या घरापुढे उभा राहिलेला बेघर

बाळासाहेबाने माझ्या चपला घातल्या.

त्याच्या पायात पांढरे बूट होते. ग्रामसेवक मोबाइल डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "साहेब, बूट दिसायलेत. बरं दिसायचं न्हाई." बाळासाहेबाने इकडेतिकडे बघितलं. मी शेजारीच उभा होतो. त्याने माझ्या पायांकडे बोट केलं. मी चपला काढल्या. त्याने बूट काढून माझ्या हातात दिले आणि माझ्या चपला घालून माझ्या मायच्या घरापुढे उभा राहिला. गळ्यातली साखळी शर्टाच्या आत सारली. घड्याळ खिशात टाकलं. बेघर माणूस तयार झाला.

माय दारात ज्वारी पाखडत होती. ग्रामसेवक म्हणाला, "ए म्हातारे, बाजूला सर. फोटोत येऊ नको."

माय सूप घेऊन उठली. घरामागे उकिरड्याजवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात खुंट्याची शेळी फोटोत आली. मी तिला ओढायला निघालो, तर ग्रामसेवक म्हणाला, "राहू दे, राहू दे. शेळी असली की घर खरं वाटतंय."

शेळी फोटोत राहिली. घराची मालकीण उकिरड्याला. आणि तिचा लेक दुसऱ्याचे बूट हातात धरून उन्हात अनवाणी.

हे कुणी माझ्यावर बळजबरीने लादलं नाही. ते आधीच सांगून टाकतो. मी सौदा केला होता.

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. सिरसाळ्याचा बाजार, घाटनांदूरचा बाजार, बोलावलं तर त्याच्याही पलीकडे. माझा बाप लोकांची मेंढरं वळायचा. तो गेल्यावर आम्ही कोयते घेतले आणि दरवर्षी ऊस तोडायला जाऊ लागलो. बाजारात कुणी हात न लावलेली एक लंगडी शेळी घेऊन मी धंद्याला लागलो. कुणी शिकवलं नाही, कुणी पुढे केलं नाही. आता माझी स्वतःची जुनी पिकअप आहे आणि जनावराच्या पाठीवर हात फिरवला की त्याचं वजन सांगतो. डोकं गरम आहे. तेही सगळ्या बाजाराला माहीत आहे.

आमच्यात जुनी माणसं अजून भाव तोंडाने सांगत नाहीत. टॉवेलखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबायची. कुणी ऐकत नाही, कुणी लिहीत नाही. हात हलवला की सौदा पक्का. मग शेजारचा दुप्पट देतो म्हणाला तरी जनावर पहिल्याचंच. शब्द फिरवणाऱ्याला बाजार पुन्हा उभं करत नाही. मी ह्याच शाळेत शिकलो. म्हणून फसलो.

लोक विचारतात, एवढा धंदा आहे तर घर का नाही बांधलं? ज्याने जनावर पाळलं तो असं विचारत नाही. एका पावसाळ्यात रोग आला आणि अर्धा कळप मी माझ्या हाताने पुरला. मायचं घर होतं तसंच राहिलं. कुडाच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. आणि सरकारचं घरकुल काही भीक नाही. ज्याचं घर मातीचं त्याच्यासाठीच ते आहे. पण ज्या वर्षी पाहणी झाली त्या वर्षी आम्ही ऊस तोडायला कारखान्यावर होतो. दिवाळी झाली की आमच्या आळीत घराघराला कुलूप लागतं, हे गावातल्या कुत्र्यालाही कळतं. पाहणी नेमकी तेव्हाच आली. कागदावर आमच्यापुढे लिहिलं गेलं, घर बंद, कुटुंब स्थलांतरित. अख्खी आळी अशी एका ओळीत गावाबाहेर गेली.

गावात मात्र अण्णा होते. सरपंच त्यांची बायको. तिला सभेत बोलताना मी कधी ऐकलं नाही, बोलायचे ते अण्णा. बाळासाहेब त्यांचा धाकटा भाऊ. माडीच्या घरात राहतो, पण शिधापत्रिका वेगळी काढली होती आणि यादीत नाव आलं होतं. अडचण एकच होती. फोटो काढायला मोडकं घर नव्हतं.

अण्णा स्वतः आमच्या दारात आले. खाटेवर बसले. म्हणाले, "तुमचं घर म्हंजे कसं, बघितलं की माणसाला दया येती. एक फोटो काढू दे. नवी यादी उघडली की पहिलं नाव तुझ्या मायचं. शब्द हाय माझा. तू बाजारातला माणूस, देणंघेणं तुला कळतंय."

मला तो सौदा स्वस्त वाटला. फोटोने घराचं काय झिजतं? मी हात पुढे केला. अण्णांनी तो धरला आणि हलवलासुद्धा. मायला मी सांगितलं, सरकारी फोटो आहे, आपल्याच कामाचा. फोटो झाल्यावर ग्रामसेवकाने एक कागद पुढे केला. हे घर बाळासाहेबांचं असून ते इथेच राहतात, असं त्यावर होतं. खाली पंच म्हणून मी सही केली. सातवीपर्यंत शिकलो आहे. वाचता येत होतं. वाचूनच केली.

बाळासाहेबाचं घरकुल रस्त्याच्या कडेला झालं. पुढे शटरचे दोन गाळे, मागे एक खोली. योजनेचं नाव मागच्या भिंतीवर रंगवलं, जिथे कुणी जात नाही. मी त्या रस्त्याने पिकअप घेऊन जायचो तेव्हा तिकडे बघायचो नाही. मनाला सांगायचो, आपलं येणारच आहे.

नवी यादी उघडली. अण्णांनी शब्द पाळला असं वाटलं, कारण मायचं नाव आलं. तालुक्याहून चष्मेवाला इंजिनिअर आला. मायने पेटीतलं लुगडं काढून नेसलं होतं. दारात ताठ उभी राहिली. इंजिनिअरने मोबाइलमध्ये बघितलं, घराकडे बघितलं, पुन्हा मोबाइलमध्ये बघितलं. मग म्हणाला, "आज्जी, दुसऱ्याच्या झोपडीपुढं उभं राहून सरकारला फसवायलात का?"

मायला वाटलं, चेष्टा करतोय. हसली. "दुसऱ्याची कशी असंल बाबा? माजी पाच बाळंतपणं ह्याच्यात झालीत."

"कागदावर हे घर बाळासाहेबांचं आहे. फोटो आहे. पंचाची सही पण आहे."

"कोन हाय त्यो पंच?"

त्याने नाव वाचलं. माझं, बापाचं, आडनाव. मी तिथेच, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तो मला ओळखत नव्हता. मायने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मंग बरोबर आसंल. माज्या लेकानं लिहून दिलं आसंल तर घर बाळासाहेबाचंच हाय."

आत गेली आणि लुगडं बदलून बाहेर आली. कामाला लागली.

इंजिनिअरने शेरा मारला. अपात्र. त्याचा राग मला आला नाही. त्याने जे लिहिलेलं होतं ते वाचलं. त्याखाली सही करणारा मी होतो.

त्याच दिवशी मी अण्णांच्या ओट्यावर गेलो. त्यांच्यासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणाले नाहीत. मी पायरीवर, चपलांजवळ टेकलो. सगळं सांगितलं. अण्णा हसले.

"बोंबलतोस काहून रे? माझा शब्द नाव घालायचा होता. नाव घातलं का न्हाई? इंजिनिअरनं काय करावं, ते थोडंच माझ्या हातात हाय?"

बाजारात कुणी असं बोललं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. तिथे मी त्यांनी दिलेला चहाचा कप धरून बसलो.

मग ते पुढे झुकले. "हे बघ, तुझी माय आमाला परकी न्हाई. गाळ्याच्या मागं एक खोली हाय. पक्की. फरशी हाय, लाईट हाय. तिला तिथं राहू दे. गाळ्याची राखण बी होईल. झाडून काढंल, पानी भरंल. म्हातारपणी आसरा झाला की न्हाई?"

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. मी विचारलं, "किती दिवस राहू द्याल?"

तोंडातून निघून गेलं. सवयच तशी. समोरच्याने बोली टाकली की माझं डोकं आपोआप पुढची बोली शोधतं. मी पुढे विचारणार होतो की कागद करून द्याल का, लाइटबिल कुणाचं. पहिला प्रश्न विचारून झाला होता, दुसरा ओठांवर होता. अण्णांनी ओळखलं. मान डोलावली. म्हणाले, "जगंल तवर राहू दे की. पावसाळ्यात आमी जनावर बी भिजू देत न्हाई."

मग माझ्या डोक्यात सगळं सरळ उभं राहिलं. मायच्या घराचा फोटो दाखवून जी खोली बांधली, तिच्यातच माय राखणदार म्हणून झाडू मारणार. आणि मी तिथे बसून मुदत विचारतोय. ह्या माणसाने मला फसवलं म्हणून मी आलो होतो. पण खरं तर मीच दर वेळी मायला घेऊन त्याच्याकडे येत होतो. आधी घर घेऊन, आता म्हातारीला घेऊन.

मी कप खाली ठेवला. "अण्णा, सौदा मोडला."

"मोडायला तुझ्याजवळ हाय काय?"

"माझी सही हाय. ती खोटी हाय म्हणून मीच लिहून देतो."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "येड्या, आधी तूच आत जाशील. बाळाच्या केसाला धक्का लागायचा न्हाई."

"जाऊ द्या की."

घरी आलो. मायला सांगितलं. फोटो कशाचा होता, हात कुणाचा धरला, सही का केली, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला कळत न्हाई व्हय? त्या माणसाच्या पायात तुज्या चपला व्हत्या. मला वाटलं, आज न्हाई उद्या तू सांगशील."

मग म्हणाली, "लिही. पर सुरवातीला माजं नाव लिही. ह्या घरात कोन ऱ्हातं ते आधी लिही."

मी माझ्या सातवीच्या अक्षरात लिहिलं. वकील नाही, झेरॉक्सवाला नाही. कोयतेवाले जायच्या आधी ग्रामसभा होती, आळी गावातच होती. मी उभा राहिलो. ग्रामसेवक म्हणाला, "आयत्या वेळी विषय घेता येत न्हाई." मागून कुणीतरी बोललं, "बसा हो व्यापारी, हितं बकरं इकायचं न्हाई." लोक हसले. मी वाचायला सुरुवात केली. आवाज मोठा आहे माझा, बाजारात कमावलेला. ह्या घरात माझी माय राहते. बाळासाहेब एक दिवसही राहिले नाहीत. मी पंच म्हणून खोटी सही केली. ती अण्णांनी दिलेल्या शब्दावर केली. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी आणि माझ्या मायचं घर तिच्या नावाने कागदावर परत यावं.

सरपंचबाईंनी मान खाली घातली. बाळासाहेब ओरडत उठला आणि माझ्या अंगावर आला. मी सरकलो नाही. त्याला दोघांनी धरलं.

मग शेजारच्या आळीतली काशीबाई उठली. विधवा, कोयत्यावर जाणारी. म्हणाली, "माज्या बी घरापुढं एक जन हुबा ऱ्हायलता. मला म्हनले, तुजंच काम हाय. माजं तर नावच न्हाई आलं."

अण्णा म्हणाले, "सभा संपली." सभा संपली नव्हती. माणसं तिथेच बसून राहिली. एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आपापली घरं आठवत.

त्याला आता काही महिने झाले. चौकशीचं पत्र आलं आहे. त्यात खोटी साक्ष देणारा म्हणून पहिलं नाव माझं आहे. ओळखीचे सांगतात, अर्ज मागे घे, सही घाईत झाली म्हण, वाचता येत नाही म्हण. मला वाचता येतं. अण्णांची माणसं येऊन जातात. आधी खोली देत होते, आता रस्त्याकडेची जागा देतो म्हणतात, परवा म्हणाले, बांधूनच देतो. बोली चढत चालली आहे. इतकी चढती बोली माझ्या धंद्यात मला कधी मिळाली नाही. मी एकाचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. गावातल्या दोघातिघांनी मला जनावर विकणं बंद केलं आहे. करोत. जनावरं दुसऱ्या गावातही आहेत.

काशीबाई कारखान्यावर गेली, पण जाताना पिकअपजवळ आली आणि मी तिचं सांगणं लिहून घेतलं. तिच्यानंतर आणखी तिघं आली. गावातच राहिलेला आणखी एकजण अजून घाबरतो आहे. त्याच्या घरी मी रोज जातो.

येत्या सोमवारी माझा जबाब आहे. मी जाणार आणि सगळं सांगणार. सुरुवात माझ्या सहीपासून करणार, शेवट अण्णांच्या ओट्यावर करणार. मधलं एकही नाव गाळणार नाही.