कॉइलला मेंढराचा रंग

मी मुळातच संशयी हाय, उगं लपवत न्हाई. आमची बायको बयाबाई म्हणती, "ह्यो बाबा सोताच्या शेळीला बी इचारंल, दुधात पाणी घातलंस का म्हून!" पण मेंढरांच्या धंद्यात डोळं झाकून कोण जगलंय, सांगा की. जतला पिकअपमधी मेंढरं भरायची आन उंब्रजला नेऊन उतरवायची, अकरा वर्षं माझं ह्येच चाललंय. गाडी गॅसवर चालती, साडेतीन लाख किलोमीटर पळालीया, आन तिला हात लावला तो एकट्या बादशहाचाचानं.

चाचाचं गॅरेज जतच्या भाईर, रस्त्याला लागून. वय साठीच्या पल्याड, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शटरापुढनं जाताना मी दोनदा हॉर्न मारायचो, आन त्यो बसल्या जागनं हातातला पाना वर करायचा. राम राम नको, सलाम नको, आमचं एवढंच.

त्याची एक रीत हुती. गाडीतनं काढलेला जुना माल त्यो फडक्यात बांधायचा, गाठ मारायचा, आन हातात द्यायचा. "नाना, ह्यो तुझा जुना माल. बघून घे." मी व्हय म्हणायचो आन गाठोडं सीटखाली ढकलायचो.

औंदा उन्हाळ्यात गाडी चढाला धक्कं खायाला लागली. चाचा म्हणाला, "चारी प्लग, चारी कॉइल बदलू. प्लगला ठिणगी देणारी ह्यीच कॉइल, ती म्हातारी झालीया." मी नवा माल आणून दिला. आन नेमका त्याच दिवशी आमच्या गावचा केरबा चहाच्या गाड्यावर भेटला. "गड्या, ह्ये मिस्त्री लोक जुनंच पुसून घालत्यात आन नवं ठेवून घेत्यात. तुला काय कळतंय?"

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. परत येऊन बघतो तर चाचानं शटर अर्धं खाली वढलेलं. म्हणाला, "वारं सुटलंय, प्लगच्या भोकात धूळ जाती. तू भाईर बस." अकरा वर्षांत कवा असं म्हणाला न्हवता. धूळ म्हणं! मला तर दाट संशय आला.

आत डोकावलं. चाचा इंजिन गार हुईस्तोवर थांबला. हवा मारली, प्लग अर्धा आटा सोडला, थेंबभर तेल घातलं, परत आवळला, परत सोडला. "आटं झिजल्यात, दमानं घ्यावं लागतंय," असं सोताशीच बोलत हुता. चारी प्लग निघालं, नवं बसलं. नव्या कॉइल फळीवर तशाच, आन चाचा हात धुऊन नमाजाला गेला.

आमी मेंढरं कळपात मिसळू नयेत म्हून रंगाची खूण करतो. तांबडा, तेलात कालवलेला रंग, डबी कायम गाडीत. म्हटलं, खूण करावी. मागनं उघडून बघू, नवं हाय का जुनं. पण खूण दिसली तर चाचा पुसून टाकंल. म्हून कॉइलचं जे रबरी तोंड प्लगवर बसतंय, त्याच्या आत बोट घालून चारींला रंग चोपडला. लय हुशारी केली, असं वाटलं.

चाचानं कॉइल बसवल्या. गाडी गुळगुळीत चालली. फडक्यातला जुना माल घेतला आन न बघता सीटखाली टाकला.

दोन दिसांनी उंब्रजच्या वाटंवर चढाला गाडी फाडफाड करायला लागली. मेंढरं वरडाय लागली, माझं टाळकं सरकलं. माघारी येऊन जतच्या बाजारात मी चार माणसांत बोंब मारली, "बादशहा चोर हाय! जुनाच माल घातला!" केरबा म्हणाला, "बघ, मी म्हटलं हुतं." त्या चौघांना घेऊन मी गॅरेजात गेलो.

"चाचा, आवं, उघडा म्हटलं! सगळ्यांसमोर!"

चाचानं बॉनेट उघडलं. इंजिन गार हुऊ दिलं. पयली कॉइल उपसली, चष्मा कपाळावर सारला आन रबराच्या तोंडात बघितलं. मग बोट घालून फिरवलं. बोट तांबडं निघालं. रबराच्या आत जळाल्याची काळी रेघ हुती. दुसरी काढली, तीच गत.

"हितं कायबी लागलं की ठिणगी प्लगात जात न्हाई, बाजूनं पळती," त्यो म्हणाला. मग बोट माझ्या सदऱ्याजवळ आणलं. बाहीवर त्योच रंग हुता. केरबानं खाली बघितलं. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

चाचानं चारी रबरं पुसून, तपासून बसवली. गाडी चालू केली, आवाज सरळ लागला. मग म्हणाला, "नाना, सीटखाली हात घाल."

मी एकेक गाठोडं काढलं. नऊ निघाली. धुळीनं माखलेली, आन एकाची बी गाठ सुटलेली न्हाई.

"शंका हुती तर सोडून बघायचं हुतंस. म्हून तर देत हुतो," चाचा म्हणाला. "आन न्हवती, तर चार माणसांत माझं नाव का घालवलंस? ने गाडी. फुडं दुसरा मिस्त्री बघ."

मी पाया पडाया वाकलो, त्यो आत निघून गेला. बाजारात त्या चौघांना सांगितलं, चूक माझी हाय, चाचाची न्हाई. पण बोंब जेवढी लांब गेली, तेवढी ही गोष्ट गेली न्हाई.

तवापासनं तीन गॅरेज पालथी घातली. जुना माल मागितला की म्हणत्यात, भंगारवाला घेऊन गेला. मी पैसं देतो आन गाडी काढतो.

परवा त्याच्या शटरापुढनं जाताना दोनदा हॉर्न मारला. चाचा भाईरच बसला हुता, हातात पाना हुता. त्यानं मान वर केली, गाडी वळखली, आन परत खाली घातली.