अकोला ते अचलपूर, आणि वरचा एक फेरा

रविवारी सायकलनं सासुरवाडी गाठायची, हा तोडगा माझाच. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, आणि त्यातून वेळ उरला तर संसार. माझं अकोल्यात पंपांचं दुकान आहे. जळक्या मोटारी दुरुस्त करता करता ते उभं केलं, त्यामुळे एका फेऱ्यात दोन कामं करायची सवय अंगात मुरलेली. बायको संगीता महिन्यातले बरेच दिवस माहेरी, अचलपूरला असते. सासूबाई नाहीत आणि सासऱ्यांची शुगर बेभरवशाची. म्हणून शंभरेक किलोमीटरची लांब राइड तिकडेच काढायची, बायकोची भेट घ्यायची, आणि सायकल एसटीच्या टपावर टाकून परतायचं.

"नवरा भेटते," संगीता म्हणायची, "पण झोपलेला भेटते."

मी हसायचो. जेवण झालं की खरंच आडवा व्हायचो.

त्या रविवारी उजाडताच निघालो. या रस्त्यानं येणार असाल तर पाणी घरूनच भरून घ्या. म्हैसांगला पूर्णा नदी ओलांडली की सगळा खारपाणपट्टा, हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नाही. रस्ता सपाट आहे, पण कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात आणि ट्रॅक्टरवाले आरशात बघत नाहीत. डांबर सोडून काळ्या मातीत उतरावं लागलं तर चाक तिथंच बसतं.

दर्यापूरला आलूबोंडा आणि चहा झाला. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे सासऱ्यांचा फोन. बाबा एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. माझी प्रत्येक राइड ते घरी बसून थांब्याथांब्यानं चालवायचे.

"जवाईबापू, दर्यापूर आलं काय?"

"आलं, बाबा."

"मंग जास्त थांबू नका. पाशिंजर बोंबलतात."

अंजनगावकडे पानमळे लागतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ वर येते. टपरीवर एकानं माझ्या घट्ट चड्डीकडे बघून विचारलं, "काका, पेट्रोल परवडत नाही काय?"

"पेट्रोल परवडते रे भाऊ, पोट परवडत नाही."

दोन केळी खाल्ली. माझं घड्याळ दर अर्ध्या तासाला मनगटावर थरथरतं. म्हणजे खा. भूक लागायच्या आत खायचं, हा या खेळाचा पहिला नियम. तो मी कधी चुकवत नाही.

पथ्रोट सुटल्यावर संगीताला फोन लावला. पुरणाचा स्वयंपाक तयार होता.

"बाबा जेवले काय?"

"जवाई यायचा हाय अन् सासरा आधीच जेवून बसला, असं आमच्या घरी झालं नाही कधी. सांगून थकली मी."

मागून बाबांचा आवाज आला, "कुठंसे आले विचार. तसं इन्सुलिन घेतो मी."

"पथ्रोट सोडलं," मी म्हणालो. "पोचलोच अर्ध्या तासात."

पोचलोही. अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याच्या चौकात उभा राहिलो, घड्याळ पाहिलं. ठरवलेलं अंतर भरत नव्हतं. वाटलं, चिखलदऱ्याच्या रस्त्यानं घाटाच्या पायथ्यापर्यंत एक फेरा मारून येऊ. इतक्यानं काय होतं? पाहुणचाराचं जेवण कुठं वेळेवर होतं?

धामणगाव गढीकडचा हा रस्ता संत्र्याच्या बागांमधून जातो. उन्हात सालीचा वास दाटलेला, समोर डोंगर जवळ येत जातात. माझ्या सगळ्या राइडमधला सगळ्यात सुंदर रस्ता हाच, हे लिहिताना हात जड होतो. घड्याळ थरथरलं, खजूर खाल्ले. मागच्या खिशात फोन वाजत राहिला असेल. वाऱ्यात ऐकू आला नाही.

घराचं दार उघडं होतं. ओट्यावर शेजारच्या मावशी.

"आता आले तुमी? त्यायले दवाखान्यात नेलं."

आत दोन पाट मांडलेले. दोन ताटं वाढलेली. माझ्या पाटाभोवती रांगोळी होती. तूप थिजलं होतं.

दवाखान्यात संगीता भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं. माझ्या शब्दावर बाबांनी जेवणाआधीची इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि पाटावर बसले. तिनं घास पुढे केला तर म्हणाले, पथ्रोट सुटलं, बापू येऊनच राहिले. थोड्या वेळानं घाम फुटला. मग बोलणं अडखळलं. तिनं तोंडात साखर कोंबली तोवर दातखीळ बसली होती.

डॉक्टर म्हणाले, शुगर फार वेळ खाली राहिली. अमरावतीला न्या.

रुग्णवाहिकेत मी बाबांच्या पायाशी बसलो, तीच चड्डी, तोच घामट शर्ट. संगीतानं विचारलं, "किती राहिलं अमरावती?" मी 'पोचलोच' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आसेगाव गेलं, वलगाव गेलं.

बाबा वाचले. आता उठून बसतात, भरवलं तर खातात. शब्द बहुतेक गेले. कोणी घराबाहेर पडलं की एकच विचारतात, "सुटली?" माणूस ओळखतात की नाही, सांगता येत नाही.

मी अकोल्यात, दुकानात. सायकल पंपांच्या खोक्यांमागे उभी आहे. स्पर्धेत नाव अजून आहे. संगीता म्हणते, "चालवा तुमी सायकल, मी काई म्हनत नाही." आधी ती पुष्कळ म्हणायची.

खेळ आणि संसार दोन्ही कसं जमवता, असं माझ्या या ब्लॉगवर विचारणारे पुष्कळ आहेत. माझ्यापाशी एवढंच आहे. वऱ्हाडात कुणाच्या घरी जाणार असाल तर 'माझ्यासाठी थांबू नका' म्हणून भागत नाही. ते थांबतात. मी आता रविवारी एसटीनं जातो. निघण्याआधी स्टँडवरून फोन लावतो, संगीता बाबांना भरवताना तो त्यांच्या तोंडाजवळ धरते. नुसता कान लावून उभा राहतो. चावल्याचा आवाज येतो, मग गिळल्याचा. मग मी गाडीत चढतो.