दोन मशिनी आणि आमचा कडुलिंब

आमच्या शंकर नगरात झाडं कापायला येणाऱ्या माणसाकडे लाकूड कापायच्या दोन मशिनी आहेत, एक जर्मन, एक जपानी. कुणी विचारो न विचारो, तो त्यांची तुलना सुरू करतो. "जर्मनवाली लय ताकदीची, पण हात सुन्न करते. जपानी हलकी हाय, पण मोठ्या लाकडात दमते, भैया." बोलताना तो दोघींच्या मुठीवरून फडकं फिरवत राहतो.

वादळात आमच्या कडुलिंबाची जाड फांदी मोडून मागच्या अंगणावर लोंबकळली, तेव्हा मी त्यालाच बोलावलं. जर्मन मशीन घेऊन तो वर चढला, आणि फांदी एकदम कोसळू नये म्हणून तिला दोर बांधून त्यानं त्याचा खोडाला वेढा दिला.

"हलकी काहून नाही नेली?" मी ओरडलो.

"हे एका दमात कापा लागते!"

फांदी अर्धी कापून झाली आणि मागचं दार उघडून आई नेमकी तिच्याखाली आली. तिला ऐकू कमी येतं. मी हाका मारल्या, तिनं वर पाहिलंच नाही. तेवढ्यात फांदी कडाडली.

त्यानं हातातली मशीन सोडून दिली आणि सुटणारा दोर दोन्ही हातांनी धरला. मशीन फरशीवर आपटून फुटली. "मायले हटवा!" तो वरून ओरडला.

मी आईला ओढलं. मगच त्यानं फांदी हळूहळू खाली सोडली.

तो उतरला तेव्हा तळहात सोलून निघाले होते. आई त्यावर पाणी ओतत होती. त्यानं हळूच विचारलं, "माय, तुमाले लागलं तर नाही ना?"

"काय म्हणून राहिला तो?" आईनं मला विचारलं.

मी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "तुला लागलं तर नाही ना, विचारून राहिला."